ताळा जमला, म्हणून सत्य कळलं का?



दरवर्षी या अंकात मी पारायणाचा एखादा अनुभव, नाहीतर वाडीच्या यात्रेबद्दल चार ओळी लिहितो. या वर्षी विषय जरा वेगळा आहे. मी शास्त्रीबुवा नाही आणि शास्त्रज्ञही नाही. बी.कॉम. होऊन जन्मभर बँकेत कारकुनी केलेला माणूस. पण गेल्या जयंतीपासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे आणि तो आपल्यासमोर मांडल्याशिवाय चैन पडणार नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेच्या संध्याकाळी देवळात नेहमीसारखी गर्दी होती. सप्ताहाची सांगता झालेली, पाळणा सजलेला, सुंठवड्याचं ताट झाकून ठेवलेलं. जन्मकाळाला अजून अर्धा तास होता. माझ्या बहिणीचा नातू माझ्याबरोबर आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भिंतीवरच्या पंचांगात पौर्णिमेच्या प्रारंभाची आणि समाप्तीची वेळ मिनिटांसकट दिलेली बघून तो म्हणाला, "आजोबा, पूर्वी पंचांग करणारे पृथ्वी मध्ये धरून, सूर्य तिच्याभोवती फिरतो असं मानूनच गणित करायचे ना? मग समजूतच चुकीची असेल तर पौर्णिमा बरोबर कशी यायची?"

मी म्हटलं, "आरती झाली की सांगतो." खरं म्हणजे मला सांगता येत नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी सप्ताहात प्रवचन झालं होतं. प्रवचनकार विद्वान, वाणी रसाळ. ते म्हणाले, विज्ञान दर पन्नास वर्षांनी आपलंच म्हणणं खोडतं, त्याच्यावर काय विसंबायचं! आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दहा मिनिटांनी ते म्हणाले, आपल्या ऋषींनी जे सांगितलं तेच आता क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलं आहे. तेव्हाही आम्ही माना डोलावल्या. घरी जाताना माझ्या मनात आलं, ज्याच्यावर विसंबायचं नाही त्याचंच सर्टिफिकेट आपल्याला का लागावं?

आणि आमच्या नातवाचं मत दुसऱ्या टोकाचं. "हिशेब जुळतो तेच खरं. बाकी सगळे मनाचे खेळ."

हिशेब जुळणं म्हणजे काय, यावर मात्र मी दोन शब्द बोलू शकतो. माझा जन्म त्यातच गेला.

कॉमर्सला आम्हाला तेरीज शिकवायचे, म्हणजे ट्रायल बॅलन्स. सगळ्या खात्यांच्या नावे बाकी एका बाजूला, जमा बाकी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की जीव भांड्यात पडायचा. पण त्याच धड्यात पुढच्या पानावर आणखी एक गोष्ट शिकवलेली असते आणि ती बहुतेकजण परीक्षा झाली की विसरतात. तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत असं सिद्ध होत नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींना भरून काढतात तरी जुळते. आणि रक्कम एका माणसाच्या खात्याऐवजी दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली, तरीही जुळते.

या शेवटच्या चुकीचा धडा मला पुस्तकातून नाही, काउंटरवर मिळाला.

१९८० च्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावी मी बचत खात्यांच्या काउंटरला होतो. कॉम्प्युटर नव्हते. जाड बांधणीची लेजरं, हाताने पोस्टिंग, सहामाहीला बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांच्या बाक्यांची बेरीज आणि मुख्य खातेवहीतला आकडा यांचा मेळ बसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले तरी घरी जायचं नाही. एका बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या एक मावशी पासबुक भरून घ्यायला आल्या. मी लेजर बघून नोंदी केल्या. त्या शेजारच्या मुलाकडून पासबुक वाचून घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मागल्या महिन्यात मी साडेतीनशे रुपये भरलेत, ते दिसत नाहीत." मी लेजर पुन्हा बघितलं. नोंद नव्हती. स्लिपचा अर्धा भाग मागितला. तो पावसात भिजून गेला होता. म्हणाल्या, "मी माझ्या हातानं भरलेत."

मागे रांग होती. मी जरा मोठ्याने म्हणालो, "मावशी, लेजर खोटं बोलत नाही. परवाच बॅलन्सिंग झालंय, पैशाचाही फरक नाही." रांगेतलं कोणीतरी हसलं. त्या काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घालून निघून गेल्या.

चार महिन्यांनी एक शिक्षिका बाई आल्या. आडनाव तेच, नावही तेच, फक्त वडिलांचं की नवऱ्याचं नाव वेगळं. लेजरमध्ये दोघींची पानं पाठोपाठची. पासबुक पुढे करून त्या म्हणाल्या, "हे साडेतीनशे माझे नाहीत. मी त्या तारखेला गावातच नव्हते."

जुनं व्हाउचर काढलं. त्यावर खाते नंबर मावशींचा होता आणि पोस्टिंगचं अक्षर माझं.

लेजर जुळलेलं होतंच. मी खोटं बोललो नव्हतो. पैशाचाही फरक नव्हता. पण जे खरं होतं ते त्या जुळणीत कुठेच दिसत नव्हतं. ते कळलं बाहेरून, एका प्रामाणिक बाईच्या तोंडून. वही वहीशी कितीही जुळवली असती तरी ती चूक मला कधीच सापडली नसती.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वर्षभर जमेल तसं वाचलं. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, न समजलेलं शाळेतल्या निवृत्त गणित शिक्षकांना विचारलं. जे कळलं ते सांगतो.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं आकाशातलं अंतर. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अशा ३० तिथ्या, म्हणजे पुरे ३६० अंश. अंतर १८० अंश झालं, चंद्र सूर्याच्या बरोबर समोर आला, की पौर्णिमा संपते. हे अंतर आपण इथून, पृथ्वीवरून बघतो. त्यामुळे सूर्य फिरतो म्हणा की पृथ्वी फिरते म्हणा, कोन तोच येतो. नातवाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. जुन्या गणिताने जे विचारलं होतं, तेवढ्यापुरतं कोण फिरतं याला महत्त्वच नव्हतं.

पण एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पंचांग ज्या ग्रंथावरून होत असे तो 'ग्रहलाघव' कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० मध्ये रचला. त्रिकोणमितीतल्या 'ज्या'ची कोष्टकं न वापरता, बेरीज-वजाबाकी-गुणाकारावर ग्रहांची स्थानं काढायची युक्ती त्यांनी बसवली. सामान्य जोश्यालाही पंचांग करता यावं म्हणून. किती मोठी बुद्धी असेल!

मात्र जुन्या गणितात चंद्राची एक गंमत आहे. चंद्राची गती सारखी नसते, कधी तो मध्यम गतीच्या हिशेबाहून पुढे असतो, कधी मागे. त्यासाठी जुन्या ग्रंथांत जास्तीत जास्त सुमारे ५ अंशांची दुरुस्ती धरलेली आहे. आजच्या मापाने मुख्य दुरुस्ती सव्वासहा अंशांच्या आसपास आहे आणि शिवाय सव्वा अंशाची आणखी एक आहे. अमावास्या-पौर्णिमेला ही दुसरी दुरुस्ती पहिलीच्या उलट पडते. सव्वासहातून सव्वा गेला, राहिले ५. म्हणजे जुना आकडा तिथे अचूक! अष्टमीच्या सुमारास मात्र दोन्ही एकाच बाजूला पडतात आणि बेरीज साडेसात अंशांच्या वर जाते. तिथे जुनं गणित अडीच अंशांपर्यंत चुकतं. तिथीच्या वेळेत तो फरक चार-पाच तासांपर्यंत जातो.

असं का झालं? कारण ताळा घेतला जायचा तो ग्रहणावर. ग्रहण सांगितल्या वेळी लागलं की नाही ते सगळ्या गावाला दिसतं. आणि ग्रहण लागतं अमावास्येला किंवा पौर्णिमेला. अष्टमीच्या चंद्राचा ताळा गावाने कधी घेतला? जिथे तपासणी होती तिथे गणित चोख राहिलं. जिथे नव्हती तिथे ते चुकत गेलं आणि कोणाला कळलंही नाही. पुढे १८६० च्या दशकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग सुरू केलं, तेव्हा लोकांनी ते लगेच स्वीकारलं नाही. आमच्या पूर्वजांची पौर्णिमा तर बरोबर येते, मग बदलायचं कशाला, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. माझंही त्या दिवशी काउंटरवर तेच म्हणणं होतं. बॅलन्सिंग तर झालंय!

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा मोठा ज्योतिर्विद झाला. आपल्याकडच्या गणितात नसलेली ती अष्टमीची दुरुस्ती त्याने धरली होती. वर्तुळावर वर्तुळ बसवून त्याने चंद्राचं असं यंत्र कल्पिलं की पौर्णिमेलाही चंद्राचं स्थान जवळपास बरोबर आणि अष्टमीलाही. पण त्या यंत्रात अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कधी कधी जवळजवळ निम्म्या अंतरावर यायला लागला. निम्म्या अंतरावर आला तर तो दुप्पट मोठा दिसायला हवा. आता तुम्हीच सांगा, अष्टमीचा चंद्र कधी दुप्पट मोठा दिसलाय का? अंगणात उभं राहून कोणत्याही पोराने सांगावं, नाही म्हणून. तरी ते गणित हजार वर्षांवर चाललं, कारण स्थान बरोबर येत होतं. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिर याने आणि पुढे कोपर्निकसने ही अडचण दूर करणारी रचना केली.

म्हणजे प्रवचनकारांचं म्हणणं खरं म्हणायचं का? विज्ञानाची ही सगळी चित्रं म्हणजे नुसती तेरीज, आकडा जुळवण्याची सोय, त्यांचा सत्याशी काही संबंध नाही?

इथे मी बरेच दिवस अडलो होतो. मग माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. तेरीज म्हणजे एकच वही स्वतःशी जुळवणं. पण व्यापारी आपली रोकडवही ठेवतो आणि बँक त्याचं खातं वेगळं ठेवते. दोन वह्या, दोन हात, दोन जागा. त्यांचा मेळ घालतात त्याला बँक जुळवणी पत्रक म्हणतात. तिथे आकडा जुळला तर त्याचं वजन तेरजेपेक्षा कितीतरी जास्त. आणि त्याच्याही पुढे, दिवसअखेर तिजोरी उघडून नोटा हाताने मोजणं. त्या मोजणीला वहीचा आधार लागत नाही.

विज्ञानातही या तिन्ही पायऱ्या आहेत. अणूचंच बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माख, ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे लोक म्हणत होते की अणू ही फक्त हिशेबाची सोय आहे, अणू कोणी पाहिलाय? मग फ्रान्समध्ये जाँ पेराँ याने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची थरथर मोजून ठराविक वजनाच्या पदार्थात किती अणू-रेणू असतील तो आकडा काढला. नुसता एका मार्गाने नाही. आकाशाच्या निळ्या रंगावरून, किरणोत्सर्गावरून, तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून, एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या डझनभर वाटांनी तोच आकडा येतो हे त्याने १९१३ च्या आपल्या पुस्तकात मांडून दाखवलं. सुमारे ६ वर २३ शून्यं. एवढ्या वेगवेगळ्या वह्या, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या, आणि बाकी एकच! ओस्टवाल्डने तर १९०९ मध्येच अणू मान्य केला होता. मला तो मोठा माणूस वाटतो. आपलं चुकलं हे चारचौघांत मान्य करायला काय लागतं, ते मला माहीत आहे.

आणि तिजोरी उघडून मोजणीचं म्हणाल, तर चंद्राच्या बाबतीत तेही झालं. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, तो आरशावर आपटून अडीच सेकंदांत परत येतो. त्यावरून चंद्राचं अंतर सेंटिमीटरपर्यंत कळतं. तो दर वर्षी आपल्यापासून सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातो हेही त्यावरूनच. टॉलेमीचं यंत्र इथे टिकलं नसतं. म्हणून सगळी चित्रं सारखीच, कुठलंही धरा, असं म्हणणं न्यायाचं नाही. जो वेगवेगळ्या वह्यांशी मेळ घालतो आणि ज्याची रोकड मोजून बघता येते, त्याच्यावर विश्वास ठेवणं हाच शहाणपणा.

तरीपण विज्ञान आपलं म्हणणं बदलतं हे खरंच आहे. ते कसं बदलतं ते बघण्यासारखं आहे. फ्रान्सच्या ल व्हेरिए याने युरेनसच्या चालीतल्या फरकावरून पलीकडे एक न दिसलेला ग्रह असला पाहिजे असं गणित केलं. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बीण लावली, तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. साऱ्या युरोपात जयजयकार! पुढे त्यालाच बुधाच्या चालीतही थोडा फरक सापडला. आजच्या मापाने शंभर वर्षांत सुमारे ४३ विकला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चाळिसावा भाग, तोही शंभर वर्षांत साठलेला. त्याने पुन्हा तेच केलं. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार म्हणाला, त्याचं नाव व्हल्कन ठरलं. लोकांनी खूप शोधला. तो नव्हताच. एकाच माणसाची तीच पद्धत एकदा खरी ठरली, एकदा नाही.

तो ४३ विकलांचा फरक पन्नासहून अधिक वर्षं पडून राहिला. बँकेत न जुळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. उगाच कुठल्यातरी खात्यात ढकलून द्यायची नाही आणि खोडायचीही नाही. 'कळलेलं नाही' असं लिहून ठेवायची. त्या शास्त्रज्ञांनीही फरक दडवला नाही. १९१५ मध्ये आइनस्टाईनने गुरुत्वाकर्षणाची नवी मांडणी केली आणि तिच्यातून तो फरक आपोआप निघाला. न्यूटनचं ओढणारं बल गेलं, त्या जागी वाकलेलं अवकाश-काल आलं. चित्र पार बदललं. पण न्यूटनचे आकडे रद्दीत गेले का? नाही. चांद्रयान ३ जे २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं, त्याच्या वाटेचं मुख्य गणित न्यूटनच्याच नियमांचं. आणि तुमच्या मोबाइलमध्ये रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळं आइनस्टाईनच्या हिशेबाप्रमाणे रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून ती दुरुस्त करून वापरतात.

म्हणजे जुनी बाकी पुढच्या वहीत ओढली जाते. वही नवी, रकाने नवे, पण तपासून घेतलेली बाकी तीच. गोष्टींचे एकमेकींशी असलेले संबंध विज्ञान खरोखरच उघडे करतं, आणि ते कमाईसारखे साठत जातात, असं मला वाटू लागलं आहे. त्या संबंधांच्या मागे वस्तू आतून कशी आहे, बल आहे की वाकलेलं अवकाश, याचं चित्र मात्र आजवर अनेकदा बदललं आणि उद्याही बदलेल. प्रवचनकारांना चित्रांचा बदल दिसला, बाकी ओढलेली दिसली नाही. आमच्या नातवाला बाकी दिसली, आणि तो आजचं चित्र हेच शेवटचं सत्य समजून बसला. दोघांनाही अर्धं पान दिसलं.

आणखी एक गोष्ट. लेजरला रकाने असतात. तारीख, तपशील, नावे, जमा, बाकी. ज्या गोष्टीला रकाना नाही ती लेजरमध्ये सापडणार नाही. त्या दिवशी मावशी किती वेळ रांगेत उभ्या होत्या, रांगेत कोणी हसल्यावर त्यांना काय वाटलं, साडेतीनशे रुपयांत त्यांचं काय अडलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ते लेजरमध्ये नाही, म्हणून ते नव्हतं असं म्हणणारा मूर्ख. पण उलट बाजूही तितकीच खरी. जे लेजरमध्ये नाही ते सिद्ध करायला लेजरचाच दाखला काढणं हीही लबाडीच. क्वांटम विज्ञानाच्या वहीत आत्म्याचा रकाना नाही. ज्यांनी ती वही लिहिली त्यांनी तो प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता. आपल्या श्रद्धेला आधार हवा असेल तर तो आपल्या साधनेतून, आपल्या वागण्यातून यावा. दुसऱ्याच्या वहीतली न वाचलेली नोंद दाखवून आपली बाकी वाढत नाही.

आपल्या परंपरेत याचं शिक्षण आहेच. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची हकीकत सांगतात. ते अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय अशी आपली श्रद्धा. त्या चोविसांत सहावा गुरू चंद्र. त्याच्यापासून अवधूत काय शिकले? कला वाढतात आणि घटतात, चंद्र स्वतः वाढत-घटत नाही. तसे बदल देहाचे, आत्म्याचे नव्हेत. मी हे लहानपणापासून ऐकत आलो. या वर्षी त्यात एक साधी गोष्ट जास्तीची दिसली. अवधूतांनी आधी चंद्र नीट बघितला. दिसतं तेवढंच खरं, असं ते म्हणाले नाहीत. आणि दिसतं ते खोटं म्हणून डोळेही मिटले नाहीत. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, बाण करणारा कारागीर, ज्याच्याकडून जे शिकण्यासारखं ते घेतलं आणि त्यालाच गुरू म्हटलं. चोवीस गुरू करणाऱ्याला एकाच वहीचा गर्व कसा होईल?

विज्ञानाला मी आता त्या रांगेतला एक गुरू मानतो. त्याने मला शिकवलं की ताळा दुसऱ्याच्या वहीशी घ्यावा, न जुळलेला फरक उघडा ठेवावा आणि चूक सापडली तर ती आपल्याच अक्षरातली आहे हे बघायला कचरू नये.

तो मावशींचा व्यवहार मी दुरुस्त केला. शिक्षिका बाईंच्या खात्यातून रक्कम काढून मावशींच्या खात्यात व्याजासह जमा केली. रविवारी त्यांच्या घरी जाऊन चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाल्या, चहा केला. मला वाटलं, मिटलं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्या दर बाजारी बँकेत येत, पण कधी माझ्या काउंटरला आल्या नाहीत. माझी खिडकी रिकामी असली तरी शेजारच्या रांगेत उभ्या राहत. त्यांचं खातं मी शेवटपर्यंत चोख ठेवलं.

या वर्षी जन्मकाळ झाला, सुंठवडा घेतला, की नातवाला घेऊन देवळाच्या पूर्वेच्या पायऱ्यांवर बसणार आहे. सूर्य मावळला की तिकडून पौर्णिमेचा चंद्र वर येईल. वर्षभर राहिलेलं उत्तर त्याला तिथेच द्यायचं आहे. तो काय म्हणतो तेही ऐकायचं आहे. माझं कुठे चुकत असेल तर ते बाहेरूनच कळणार.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥